मोठ्या कुत्र्याचं पोट फुगू नये म्हणून

आमचा जर्मन शेफर्ड ठाण्यातल्या उपवन तलावाला एक चक्कर मारून आला की थेट भांड्यावर तुटून पडायचा, दोन मिनिटांत भात-चिकन साफ, आणि मग ढेकरांवर ढेकर. डॉक्टरांनी झापलं. छाती खोल असलेल्या मोठ्या कुत्र्यांमध्ये, म्हणजे ग्रेट डेन, डॉबरमन, शेफर्ड वगैरे, पोटात गॅस भरून पोटाला पीळच बसू शकतो आणि मग ऑपरेशनशिवाय पर्याय नसतो.

तर आता दिवसाचं खाणं एकदम न देता २-३ वेळा थोडं थोडं. भांडं जमिनीवरच, उंच स्टँडवर नको. हावरटासारखा खात असेल तर स्लो फीडर (आत उंचवटे असलेलं भांडं, म्हणजे घाईने गिळता येत नाही) घ्या, नाहीतर सरळ मफिन ट्रेमध्ये वाढा, आमच्याकडे तेच चालतं. फिरून आल्यावर धाप थांबेपर्यंत, अर्धा-पाऊण तास तरी, जेवण नाही, तोवर पाणी घोट घोट. जेवल्यावर किमान तासभर बॉल लपवून ठेवा (आमच्या पोरांना हे सांगणं जास्त कठीण!).

पोट ढोलासारखं टणक, उलटीचा जोर पण बाहेर काहीच नाही, लाळ, एका जागी बसवत नाही, असं दिसलं तर ओवा-हिंग करत बसू नका, रात्रीचे २ वाजलेले असले तरी गाडी काढा. रात्री उघडा असणारा दवाखाना आधीच शोधून नंबर फ्रिजवर लावून ठेवा, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक माहितीय ना.