पुराआधी गावचा आराखडा: ग्रामपंचायतींनो, या चुका टाळा

मे महिन्यात तालुक्याहून पत्र येतं: गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा अद्ययावत करून पाठवावा. मग बऱ्याच ठिकाणी जुन्या फाईलवरचं साल बदलतं, सही-शिक्का होतो आणि कागद पुढे जातो. आत बदली होऊन गेलेल्या ग्रामसेवकाचा नंबर तसाच असतो, आणि निवारा म्हणून तीच शाळा लिहिलेली असते जिच्या व्हरांड्यात गेल्या पुरात पाणी होतं. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सोसले, तरी ही सवय जात नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठावर पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या या चुका आहेत. इतर नदीकाठांनाही त्यातल्या बऱ्याच लागू पडतील.

‘हे काम तहसीलदारांचं’ असं धरून चालणं

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि तेवढंच वाचून गावं निवांत होतात. त्याच कायद्याचं कलम ४१ स्थानिक प्राधिकरणांसाठी आहे आणि त्यात ग्रामपंचायतही येते. आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं, साधनसामग्री कधीही वापरता येईल अशी ठेवणं, बांधकामं ठरलेल्या निकषांप्रमाणे होतात की नाही ते पाहणं, आणि आपत्तीनंतर मदत व पुनर्वसनाचं काम करणं, ही चार कामं तिथे सरळ लिहिलेली आहेत. जिल्ह्याच्या सूचनेप्रमाणे करायची, पण करायची ग्रामपंचायतीनेच.

व्यवहारातलं कारण तर याहून मोठं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावरच पाणी आलं आणि तो कित्येक दिवस बंद होता. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. रस्ताच तुटला तर जवान यायचे कुठून आणि कधी? पहिला दीड-दोन दिवस गावाला स्वतःच्या बळावर काढायचा आहे, हे धरूनच आराखडा करा.

तलाठ्याकडे अनेकदा एकाहून जास्त गावं असतात, ग्रामसेवक तालुक्याच्या गावी राहतो. पाणी चढेल त्या रात्री दोघंही पलीकडच्या काठावर असू शकतात. म्हणून प्रत्येक कामापुढे गावातच मुक्कामाला असणाऱ्या माणसाचं नाव हवं आणि त्याच्याखाली दुसरं, बदली नाव हवं: पोलीस पाटील, कोतवाल, पाणीपुरवठा कर्मचारी, आशाताई, तरुण मंडळाची पोहणारी मुलं. ‘ग्रामपंचायत कर्मचारी’ एवढंच लिहिलं असेल तर ते काम कुणाचंच नाही असं समजा.

फूट सांगायचे, पण गल्ली सांगायची नाही

ही मला सगळ्यात घातक चूक वाटते, म्हणून इथे जरा थांबतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची अनुक्रमे ३९ आणि ४३. हे आकडे दर तासाला व्हॉट्सअॅपवर फिरतात. पण ‘आयर्विनला ४३’ वाचून वेशीजवळच्या आजीने काय करायचं? तिला एकच कळायला हवं, आपल्या दारात पाणी कधी येणार.

सांगलीकरांना माहीत असतं की पाणी आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागांत शिरतं. असाच तक्ता प्रत्येक गावाने स्वतःसाठी करायला हवा. डावीकडे जवळच्या पूरमापकाचे फूट आणि उजवीकडे गावातलं ठिकाण: इतक्या फुटांना स्मशानभूमीचा रस्ता बंद, इतक्यांना ओढ्यावरचा पूल पाण्याखाली, इतक्यांना खालची आळी, इतक्यांना मारुतीचा पार. जुन्या माणसांना बसवून, मागच्या पुरांच्या तारखा लावून हा तक्ता दोन संध्याकाळी तयार होतो. तो ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. शिरोळ तालुक्यातल्या गावांनी एकाच मापकावर विसंबू नये. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात, एकीचा फुगवटा दुसरीचं पाणी अडवतो. तिथल्या तक्त्याला दोन रकाने लागतात.

याच चुकीची सख्खी बहीण म्हणजे ‘गेल्या वेळी इथवरच आलं होतं’. २०१९ मध्ये अनेकांनी २००५ ची खूण धरून सामान तेवढ्याच उंचीवर चढवलं. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि माळ्यावरची धान्याची पोतीसुद्धा भिजली. जुनी खूण ही किमान पातळी समजायची. त्याच्या वर काही फूट जागा सोडून नियोजन करा.

माणसं काढायची, जनावरं मागे

‘लोक ऐकत नाहीत हो, घर सोडत नाहीत’ अशी तक्रार बैठकीत हमखास होते. जरा गोठ्यात जाऊन बघा. दोन म्हशी आणि एक कालवड हे ज्या घराचं महिन्याचं उत्पन्न आहे, त्या घरातला माणूस दावं सोडून कसा निघेल? बायका-पोरं जातात, कर्ता माणूस मागे राहतो, आणि मध्यरात्री त्याला काढायला कुणाला तरी पाण्यात उतरावं लागतं.

जनावरं माणसांच्या आधी हलली पाहिजेत. इशारा पातळीच्या आत, रस्ता कोरडा असताना. त्यासाठी उंचावरच्या कोणत्या गावात कुणाच्या माळावर दावण पडेल, वैरण कोण पुरवेल, टेम्पो-ट्रॅक्टर कुणाचे आणि डिझेल कुणाच्या खात्यावर, हे आधीच ठरवावं लागतं. साखर कारखाने आणि दूध संघांशी पावसाळ्याआधी बोलून ठेवा, पाणी आल्यावर त्यांचेही फोन लागत नाहीत. आराखड्यात जनावरांचं स्वतंत्र पान नसेल तर लोक हलणार नाहीत, मग दवंडी कितीही वेळा द्या.

बोट आहे, नियम नाही

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली. १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. जीव वाचवायच्या घाईत माणसं चढत गेली, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. थांबवणारं कुणी नेमलेलं असायला हवं होतं.

तुमच्या गावात बोट असेल तर ती आत्ताच नदीत उतरवून बघा. इंजिन सुरू होतं का, तळाला भेग आहे का, लाइफ जॅकेट किती आहेत. बोटीच्या अंगावरच माणसांची संख्या रंगवा. बोट चालवणारा एक आणि काठावर माणसं मोजून चढवणारा दुसरा, असे दोघं नेमा. मोजणाऱ्याचा शब्द शेवटचा, समोर सरपंचांचे घरचे असले तरी. जॅकेटशिवाय कुणी बसणार नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीतून किंवा ट्रकच्या ट्यूबवरून लोक नेण्याची वेळ येते याचा अर्थ आपण हलायला उशीर केला. ते साधन म्हणून आराखड्यात लिहू नका.

यादी घरांची, माणसांची नाही

‘बाधित कुटुंबे १४०’ यावरून काहीच कळत नाही. गरोदर बायका आणि त्यांच्या बाळंतपणाच्या तारखा आशाताईंकडे असतात. अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असलेले, एकटे राहणारे म्हातारे, कामासाठी बाहेरून आलेली आणि मतदारयादीत नाव नसलेली कुटुंबं, यांची वेगळी यादी लागते. ही माणसं पहिल्या फेरीत जातात. निवाऱ्यात बायकांसाठी वेगळं शौचालय आणि उजेड नसेल तर त्या रात्रभर पाणी न पिता बसतात. हे बैठकीत कुणी बोलत नाही, म्हणून ग्रामसभेतल्या बायकांनाच निवारा बघायला पाठवा. काय कमी आहे ते त्या सांगतील.

नदीला पाणी, नळाला नाही

नदीचं पाणी उपसणारी विहीर, म्हणजे जॅकवेल, नदीकाठी असते, मोटार बुडते, महावितरण सुरक्षेसाठी वीज तोडते. वीज गेली की मोबाइल टॉवरही काही तासांत बंद पडतात. एक जनरेटर उंचावर आणि चालू स्थितीत असू द्या, भोंगा आणि ढोल हाताशी ठेवा. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा साठा नेमका जमिनीलगतच्या खोलीत असतो. ओल लागली, जुनी झाली की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं आणि टाकीत कितीही ओतली तरी उपयोग नाही. नवीन साठा कोरड्या, उंच जागी ठेवा. पूर ओसरल्यावर पाण्यातलं क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग आल्याशिवाय पाणी पिण्यासाठी सोडू नका.

बांधकामाबद्दल थोडक्यात: निळ्या पूररेषेच्या (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत नवीन घराला ना-हरकत देऊ नका, आणि ओढ्यातलं अतिक्रमण ‘आपल्याच माणसाचं’ म्हणून सोडू नका. एरवी आराखड्याला काही अर्थ राहत नाही.

पूर ओसरला, फाईल बंद

चिखल काढायच्या घाईत लोक पंचनाम्याआधीच भिंतीचा राडा उचलतात. आधी फोटो, मग साफसफाई, हे पहिल्याच दिवशी घरोघर सांगा. भाडेकरू पंचनाम्यातून हमखास सुटतात, कारण नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या आकारणीच्या नोंदवहीत, नाव घरमालकाचं असतं. प्रत्यक्ष राहणाऱ्याची नोंद वेगळी करून घ्या. आणि तो नमुना ८ स्वतः कपाटाच्या खालच्या कप्प्यात भिजला तर पुढची सगळी मदत अडते. जूनच्या आत त्याची प्रत गावाबाहेर, उंच जागी हलवा.

प्रयाग चिखली, आंबेवाडी ही पंचगंगाकाठची गावं आता पाणी चढायला लागलं की उंचावरच्या सोनतळीकडे निघतात. हे शहाणपण पुरानेच शिकवलं, पण त्याची नोंद कागदावर व्हायला हवी. भिंतींवरची गाळाची रेघ पुढच्या पावसात धुऊन जाईल. त्याआधी प्रत्येक आळीत एका पक्क्या भिंतीवर ऑइल पेंटने पातळी, तारीख आणि त्या वेळचे पूरमापकाचे फूट लिहा आणि तेच आकडे तक्त्यात भरा. सुधारलेला आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मंजूर करून घ्या, म्हणजे बोटीची डागडुजी आणि जॅकेटांचा खर्च पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बसतो. १ मे च्या ग्रामसभेत फक्त नावं आणि फोन नंबर तपासायचे, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, प्रत्येक नंबर लावून बघायचा.