वाऱ्यात ट्रायपॉड उभा करताना

लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर कित्येक सेकंद उघडं ठेवून फोटो काढणं, शिकायला आलेले बहुतेकजण पहिल्यांदा विचारतात, "कोणता ट्रायपॉड घेऊ?" मी सांगतो, आहे तोच आणा. कॅमेरा आणि लेन्सचं वजन तो नीट पेलत असेल तर सुरुवातीला तेवढं पुरे. फोटो हलतो तो बऱ्याचदा जागेमुळे आणि वाऱ्यामुळे.

हरिश्चंद्रगडावर तारे टिपायला जाल तेव्हा कोकणकड्याच्या धारेवर ट्रायपॉड लावू नका. जिवाला धोका आहेच, शिवाय दरीतून वर चढणारा वारा तिथे थेट अंगावर येतो. मागे सरकून एखाद्या खडकाचा आडोसा धरा. पाय उघडताना जाड नळ्या आधी, सगळ्यात बारीक नळी शक्यतो बंदच ठेवा. मधला दांडा तर अजिबात वर करू नका, नाहीतर सगळा भार तीन पायांवरून एका काठीवर येतो. उतार असेल तर एक पाय उताराकडे करून लांब सोडा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात टाका, तो फडफडला की कॅमेरा थरथरतो. ट्रायपॉडला सॅक टांगायची असेल तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली घ्या. लोंबती सॅक वाऱ्यात झोके घेते आणि ट्रायपॉडलाही हलवते.

लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा, 2 सेकंदांचा टायमर लावा आणि 20 सेकंदांचा एक फोटो घ्या. आता स्क्रीनवर तो पूर्ण मोठा करून बघा, ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. खडक रेखीव आहे पण तारे एकाच दिशेने जरासे ओढल्यासारखे दिसतायत? ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे. एक्स्पोजर कमी करा, ट्रायपॉडला हात लावू नका. तारे वेडेवाकडे आणि खडकाची कडही दुहेरी दिसत असेल तर मात्र ट्रायपॉडच हललाय. मग अजून खाली बसा आणि वाऱ्याची झुळूक ओसरली की शटर दाबा.

समुद्रावर तऱ्हा वेगळी. 10 स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे दर स्टॉपला प्रकाश निम्मा करणारी गडद काच, लेन्सवर लावला की 1/30 सेकंदाचं एक्स्पोजर साधारण 30 सेकंदांवर जातं आणि तेवढ्या वेळात परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते. म्हणून पाय दाबून खोल रोवा, दोन-तीन लाटा जाऊ द्या, पाय खचायचे तेवढे खचले की मगच फ्रेम ठरवा. कातळ मिळाला तर उत्तम, पण हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी कातळ निसरडा असतो आणि लाट अचानक वर येते. ओहोटीची वेळ बघून जा, पाणी चढायला लागलं की सामान उचला.

घरी आल्यावर त्याच दिवशी पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा. सांध्यांत अडकलेली वाळू नळ्या खरवडते आणि मिठाने स्क्रू गंजतात. नीट वाळल्याशिवाय ट्रायपॉड मिटू नका.