औषधाच्या आधी वजनकाटा

निपाणीत कबुतरं पाळणाऱ्या कुणालाही विचारा, जंतावर काय देता? मेडिकलमधली अल्बेंडाझोलची बाटली, पाण्यात एक टोपण, हेच उत्तर येतं. शाळेत पोरांना तीच गोळी देतात, शेळ्यामेंढ्यांना तेच पाजतात, मग कबुतराला दिलं तर बिघडलं कुठं? बिघडतं बघा. अल्बेंडाझोल आणि त्याचं भावंड फेनबेंडाझोल ही दोन्ही औषधं कबुतरं, पारवे, होले या सगळ्या कुळाला विषारी ठरू शकतात. हाडातल्या मगजात रक्त तयार होतं, त्यावरच घाव बसतो, पांढऱ्या पेशी घटतात, आतड्याचं अस्तर खराब होतं. पिसं झडून नवी येत असतील तर ती वेडीवाकडी येतात. पक्षी त्याच दिवशी पडत नाही, काही दिवसांनी पडतो. म्हणून माणूस म्हणतो, जंत फार झाले होते, औषधाला उशीर झाला.

मी तंबाखूच्या वखारीत काट्यावर उभा राहून म्हातारा झालो. बोद उचलून काट्यावर ठेवल्याशिवाय भाव बोलायचा नाही, हा तिथला रिवाज. ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यातही मी तोच चालवतो. सोनाराकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा आता स्वस्तात मिळतो, तो घ्या. फिंच म्हणजे पिंजऱ्यात पाळतात ती चिमुकली पाखरं, त्यांना पातळ कापडी पिशवीत घालायचं, पिशवीचं वजन आधी शून्य करून घ्यायचं. झेब्रा फिंच 12 ते 15 ग्रॅम भरतो. होमर म्हणजे शर्यतीचं कबुतर 400 ग्रॅमच्या आसपास, उंच उडणारा गिरेबाज त्याहून हलका. काय वजन निघालं ते वहीत लिहा. औषधाचं माप यावरच ठरतं, आणि पुढच्या महिन्यात पक्षी खंगलाय का, तेही डोळ्याआधी काटाच सांगतो.

वजन न बघता काय होतं, त्याचा हिशेब मांडतो. जंतांवर आणि अंगावरच्या किड्यांवर जनावरांना देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन गावात कुठंही मिळतं, ते 1 टक्क्याचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम. पक्ष्याला साधारण किलोमागं 0.2 मिलिग्रॅम लागतं. 15 ग्रॅमच्या फिंचला म्हणजे 3 मायक्रोग्रॅम. आता त्या बाटलीतला एक थेंब 0.05 मिलिलिटर धरा, त्यात 500 मायक्रोग्रॅम आले. दीडशे पटीच्या वर! पोरं तो थेंब मानेवर सोडतात आणि सकाळी पिंजऱ्याच्या तळाला पक्षी सापडतो. ते औषध साध्या पाण्यात नीट मिसळत नाही, त्यामुळं घरी पाणी घालून पातळ करायच्या भानगडीत पडू नका. डॉक्टरांकडून योग्य द्रावणात पातळ करून घ्या आणि बाटलीवर किती टक्के ते लिहून घ्या. फिंचला सुई तर कधीच टोचून घेऊ नका.

आता मुळाचं काम. कोणता किडा आहे ते कळल्याशिवाय औषध नाही. ताजी विष्ठा वेगवेगळ्या जागची थोडी थोडी उचलून झाकणाच्या डबीत घ्या, त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. निपाणी कर्नाटकात, म्हणून आमचे डॉक्टर कन्नड बोलतात, मी निम्मं कन्नड निम्मं मराठी, पण "पारिवाळ" (कन्नडमध्ये कबुतर) म्हणून डबी पुढं केली की काम होतं. मिठाच्या दाट पाण्यात विष्ठा कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकात दिसतात. बहुतेक डॉक्टरांकडं गाई-म्हशींची रांग असते, कबुतराची डबी बघून कुणी हसलं तर हसू दे.

कबुतरात मुख्य दोन जंत: गोल जंत आणि केसासारखा बारीक जंत. गोल जंताचं अंडं विष्ठेतून पडल्यावर लगेच बाधत नाही, ओल आणि ऊब मिळाली तर दोनएक आठवड्यांत तयार होतं. मृगाचा पाऊस पडला की ढाबळीची जमीन दसऱ्यापर्यंत सुकत नाही, बेळगावच्या खानापूरकडं तर विचारूच नका. म्हणून तरणा पाऊस सुरू व्हायच्या आत तपासणी उरकायची. गोल जंतावर पायरँटेल हे सौम्य औषध आहे, ते डॉक्टरांना विचारा. केसजंतावर त्याचा भरवसा नाही, तिथं लेव्हामिसोल किंवा आयव्हरमेक्टिनचा विचार करतात. लेव्हामिसोलनं कबुतर ओकतं आणि त्याच्या योग्य मात्रेत नि जास्त मात्रेत अंतर थोडं असतं, म्हणून खंगलेल्या पक्ष्याला देऊ नये. औषध एकदा देऊन थांबायचं नाही, डॉक्टर सांगतील त्या अंतरानं दुसरा डोस द्यायचा. डोस दिल्यावर दोन दिवस तळ रोज खरवडून जाळून टाका, नाहीतर पडलेली अंडी परत पोटात जातात. फिनेल ओतून ती मरत नाहीत. वाळवणं, ऊन आणि आच यांनाच ती दबतात. पट्टीसारखा चपटा जंत गोगलगाय, मुंगी, भुंगा खाऊन येतो, त्याचं औषध वेगळं.

पिल्लं पातळ हिरवट हगत असली, पंख पाडून बसत असली, तर कोक्सिडियाचा संशय घ्या. हा जंत नव्हे, फार सूक्ष्म जीव आहे. त्याची अंडी एकदोन दिवसांतच बाधायला तयार होतात, म्हणून पावसाळ्यात रोजची झाडलोट चुकवायची नाही. यावर अॅम्प्रोलियम पाण्यातून देतात. ते चालू असताना बी-1 जीवनसत्त्व असलेलं टॉनिक बंद ठेवा, कारण ते औषध बी-1 च्याच वाटेत आडवं येऊन काम करतं. आपण दोन्ही एकत्र पाजतो आणि कंपनीला शिव्या देतो.

घशात पिवळा, पनीरसारखा थर दिसला तर तो ट्रायकोमोनास, हाही सूक्ष्म जीवच. कबुतराचे आईबाप पिल्लांना गळ्याच्या पिशवीतलं दूध भरवतात त्यातून आणि एकाच भांड्यातल्या पाण्यातून तो पसरतो. थर काडीनं खरवडू नका, रक्त येऊन पिल्लू जाईल. याची तपासणी वाळलेल्या विष्ठेवर होत नाही, पक्षीच दवाखान्यात न्यावा लागतो. औषध सगळ्या कळपाला एकदम द्यायचं, सुदृढ दिसणाऱ्यांनाही. पाण्याची भांडी रोज घासून उन्हात कडक वाळवा, हा जीव कोरड्यात टिकत नाही. याच आजारावरचं डायमेट्रिडाझोल नावाचं औषध फिंचला जीवघेणं आहे. कबुतराचं उरलेलं औषध फिंचच्या पिंजऱ्यात कधी नेऊ नका.

बाहेरच्या किड्यांत माझा खरा वैरी चपटी माशी. पिसांत खेकड्यासारखी तिरकी पळते, माणसालाही चावते आणि कबुतराच्या रक्तात मलेरियासारखा आजार सोडते. तिचं पिल्लू तिच्या पोटातच वाढतं आणि घरट्याच्या कचऱ्यात काळ्या मण्यासारखा कोष पडतो. कोषातून माशी निघायला तीनचार आठवडे लागतात. मग उपाय कळला ना? दर पंधरवड्याला घरट्याची थाळी रिकामी करून कचरा जाळायचा, कोष फुटायच्या आत. पक्ष्यांसाठीची परमेथ्रिन पावडर डॉक्टरांना विचारून कबुतराच्या पिसांत हलकी चोळता येते, डोळे-चोच वाचवून. गोठ्यात गोचिडासाठी वापरतात ती औषधं अंदाजानं फवारू नका.

निपाणीकराला एक देणगी फुकट आहे, ती म्हणजे तंबाखूच्या वाळक्या काड्या. घरट्यात टाकल्या की उवा आणि किडे कमी होतात. कबुतरं त्या आवडीनं उचलून खोप्यात लावतात. फक्त कोरड्या हव्यात. तंबाखूचा काढा करून पक्ष्यावर शिंपडणारे आहेत, त्यांनी शेतात ओली पानं हाताळणाऱ्या बायकांना विचारावं, गरगरतं कसं नि ओकाऱ्या कशा होतात. निकोटीन कातडीतून आत जातं. एवढ्याशा जीवाचं काय होईल? फिंचच्या घरट्यात मी काड्याही टाकत नाही, काथ्या आणि वाळकं गवत बरं. डांबरगोळ्या आणि रॉकेल दोघांच्याही आसपास नको.

उवा बघायच्या तर कबुतराचा पंख उन्हाकडं धरून पसरा, लांबट उवा पिसाच्या रेषांत आडव्या दिसतात. एकाच पक्ष्यावर फार झाल्या असतील तर त्याची चोच बघा. वरची चोच मोडलेली किंवा वाकडी असली की त्याला पिसं साफ करता येत नाहीत. अंघोळीला पसरट भांड्यात पाणी द्या, वर कडक ऊन मिळू द्या.

लाल किडा मात्र दिवसा पक्ष्यावर सापडत नाही. तो फटीत राहतो, रात्री येऊन रक्त पितो. अंधार पडल्यावर तासाभरानं टॉर्च घेऊन दांड्यांची टोकं बघा, पांढरा कागद घासून बघा, लाल रेघ उठली की समजा. दिवसा राखाडी, पोट भरलं की लाल. उन्हाळ्यात आठवड्या-दहा दिवसांत त्याची पिढी तयार होते आणि उपाशी राहून तो महिनोन्महिने टिकतो, त्यामुळं पिंजरा रिकामा ठेवून तो जात नाही. दांड्या काढून उकळत्या पाण्यात टाका, फटी गरम पाण्यानं धुवून वाळवा, ढाबळीच्या भिंतींना दाट चुना मारा, फटी बुजवा. दर आठवड्याला पुन्हा, तीनचार वेळा तरी.

फिंचचा एक आजार कानानं ओळखायचा. नर गायचा थांबला, चोच उघडी ठेवून शेपटी वरखाली हलवतो, रात्री पिंजऱ्यापाशी कान नेला तर टिक टिक ऐकू येतं. श्वासाच्या नळीत किडे असतात. गोल्डियन जातीच्या फिंचमध्ये जास्त, झेब्रात कमी. आईबाप भरवताना पिल्लांत जातो, म्हणून उबवायला बंगाली फिंचखाली गोल्डियनची अंडी ठेवणाऱ्यांनी बंगालीलाही तपासावं. औषध तेच पातळ केलेलं आयव्हरमेक्टिन, मानेची पिसं फुंकून बाजूला करून उघड्या कातडीवर, पिंजऱ्यातल्या सगळ्यांना, आणि डॉक्टर सांगतील त्या अंतरानं पुन्हा. फार भरलेला पक्षी मेलेल्या किड्यांनीच गुदमरू शकतो, हे आधी सांगून ठेवतो. झेब्राला औषध पाण्यातून देऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला तो पक्षी, कमी पाण्यावर राहतो, मात्रा पोटात किती गेली ते कळणारच नाही.

जाता जाता, बाजारात रंगवलेल्या मुनिया घेऊन येणारे भेटतात. आपल्याकडच्या मुनिया 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, त्या पाळायच्या नाहीत.

नवा पक्षी, तो कोल्हापूरच्या ओळखीच्याकडून आला असला तरी, सहा आठवडे वेगळा ठेवा. गोल जंत पोटात गेल्यापासून अंडी घालेपर्यंत पाचसहा आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवशीची तपासणी साफ आली तरी शेवटच्या आठवड्यात पुन्हा करायची. त्याला दाणापाणी शेवटी द्यायचं, त्याचा झाडू वेगळा. ढाबळ झाडताना आधी पाणी शिंपडा आणि तोंडाला कापड नको, चांगला मास्क लावा. वर्षानुवर्षं ती धूळ ओढून फुप्फुसं निकामी झालेली माणसं असतात.