सांडपाणी प्रक्रिया केंद्राची दुर्गंधी: मोजावी कशी, आवरावी कशी

बडोद्यातील नंदेसरी किंवा मकरपुरा या औद्योगिक परिसरात राहणाऱ्याने दाद मागायची असो, वा तिथल्या केंद्राच्या पर्यवेक्षकाने उपाय करायचा असो, ‘फार वास येतो’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. प्रथम एक वही करून वेळ, वाऱ्याची दिशा आणि वासाचा प्रकार रोज नोंदवावा. सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, नाकाला झोंबणारा अमोनियाचा आणि कुजलेल्या कोबीचा बहुधा मरकॅप्टन या गंधकयुक्त संयुगांचा असतो. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते, म्हणून त्या वेळच्या नोंदी चुकवू नयेत.

प्रयोगशाळेत मोजणी अजूनही माणसाच्या नाकानेच होते. टाकीवरची हवा गंधहीन पिशवीत घेऊन ती स्वच्छ हवेने विरळ करत जातात आणि निवडलेल्या परीक्षकांपैकी निम्म्यांनाच वास जाणवेल अशी पातळी शोधतात; त्यासाठी १,००० पट विरळ करावी लागली, तर गंधाची तीव्रता १,००० एकके. युरोपीय मानक ईएन १३७२५ प्रमाणे नमुना ३० तासांच्या आत तपासावा लागतो.

टाकीच्या तोंडाशी मात्र नाकावर विसंबणे जिवावर बेतू शकते. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की घ्राणशक्ती बधिर होते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. तेथे वायूमापक हवाच.

उपायाची सुरुवात सुगंधी फवाऱ्याने करणे म्हणजे निव्वळ पैसा उडवणे होय. समीकरण टाकीत (वेगवेगळ्या वेळी येणारे सांडपाणी एकत्र करून एकसारखे करणारी पहिली टाकी) हवा पुरेशी खेळती ठेवली, तर सल्फाइड मुळातच कमी तयार होते. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ७ च्या सुमारास विरघळलेल्या सल्फाइडपैकी जवळपास निम्मे वायूरूपात सुटू शकणारे असते, तर ९ वर अगदी थोडे. परंतु सामू वाढवताच अमोनिया सुटू लागतो, त्यामुळे दोन्ही असलेल्या सांडपाण्यात ही युक्ती उलटते. मग टाकी झाकून आतील हवा पंख्याने ओढावी आणि आधी आम्लाच्या, नंतर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) व हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइट) स्क्रबरमधून, म्हणजे द्रवाने हवा धुणाऱ्या यंत्रातून, न्यावी. दोन्ही द्रव एकत्र येऊ देऊ नयेत, कारण आम्ल आणि हायपो मिसळल्यास क्लोरीन सुटतो.

सौम्य वासासाठी लाकडाच्या तुकड्यांचा बायोफिल्टर (ज्याच्या थरातील सूक्ष्मजीव वास खाऊन टाकतात) स्वस्त पडतो, पण बडोद्याच्या उन्हाळ्यात तो वाळून भेगाळतो व हवा त्या भेगांतूनच निसटते. म्हणून थरातील ओलावा ४० ते ६० टक्के राहील इतके पाणी नेमाने द्यावे.