धातूत बळ साठवणारी जादू लिहिताय? या चुका टाळा

ताकद, वजन, झोप, आठवण असं अंगचं काहीतरी काढून धातूत ठेवायचं आणि गरज पडली की परत घ्यायचं. या कल्पनेवर माझा फार जीव आहे. म्हणूनच अशा कथा एकाच जागी फसताना पाहिल्या की वाईट वाटतं. खर्च दिसतो, बचत दिसतच नाही. नायक दरवाजा उखडतो, पण त्यासाठी तो किती दिवस अशक्त होऊन वावरला, हे पानावर येत नाही. मला तेच दिवस वाचायचे असतात. भरलेली घागर उचलताना हात थरथरणारा, जिना चढताना दोनदा टेकणारा योद्धा. नेमका तेव्हाच शत्रू आला तर?

हिशेबाची वही ठेवा. 8 तास निम्म्या ताकदीवर काढले, तर परत मिळतात दुप्पट ताकदीचे 4 तास. दसपट हवी असेल तर जेमतेम 27 मिनिटं. तरीही शेवटच्या लढाईत सगळी साठवण एका फटक्यात ओतून प्रश्न सुटत असेल, तर घाईला दंड लावा: जितकं भराभर काढाल, तितकं वाया जाईल.

वजनाचा घोळ नेहमीचा. हलका झाला म्हणून माणूस आपोआप सावकाश पडत नाही, फरक हवेच्या विरोधामुळे पडतो. वजन चौथ्या हिश्शावर आणलं तर पडण्याचा कमाल वेग निम्मा होतो, आणि तोही उंच कड्यावरून उडी मारली तरच जाणवेल. घराच्या छपरावरून नाही.

आठवणींबाबत जास्त सावध राहा. तांब्याच्या कड्यात ठेवलेली आठवण डोक्यातून गेलेली असते, मग पुढच्याच पानावर नायिका तिच्याबद्दल बोलते कशी? कड्यात काय आहे, हे तिला आठवणार नाही. चिठ्ठी लिहून ठेवू द्या, किंवा ते कुणा दुसऱ्याला माहीत असू द्या. तो दुसरा खोटं बोलला तर काय होईल, याचाही विचार करा.

एकाची साठवण दुसऱ्याला वापरता येते का, हे पहिल्या प्रकरणाआधीच ठरवा. येत असेल तर चोरी आणि बाजार दोन्ही आले.

आणि धातूंना नुसती नावं समजू नका. लोखंड गंजतं, सोनं गंजत नाही. शुद्ध कथील तर सुमारे 13 अंश सेल्सियसखाली हळूहळू राखाडी भुकटी होऊ लागतं, कडाक्याच्या थंडीत जास्त वेगानं. कथिलाच्या अंगठीत श्रवणशक्ती साठवून बर्फाळ प्रदेशात निघालेल्या माणसाचं काय होईल, ते लिहून पाहा.