बंड्या, ओम्नी आणि द्राक्षबागा : रविवारी निघण्याआधीची तयारी

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला राहायचं आणि घरात कुत्रा पाळायचा, तर बाकीच्या तयारीआधी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी. द्राक्ष कुत्र्याला विषासारखं आहे. काळं, हिरवं, बियांचं, बिनबियांचं, ताजं, वाळवलेलं, सगळं. आमच्या कुत्र्याला, बंड्याला, घेऊन रविवारी ओम्नी व्हॅनने द्राक्षबागा आणि वायनरी (वाइन बनवतात ती जागा) बघायला जायचं, तर म्हणूनच आमची यादी व्हॅनपासून सुरू होत नाही, ओट्यापासून होते. जानेवारी ते मार्च हंगाम असतो आणि कुणीतरी ओळखीचा बागाईतदार पेटी आणून देतोच. ती पेटी शनिवारी रात्री फ्रिजमध्ये किंवा माळ्यावर. पूजेच्या प्रसादाचा शिरा आला असेल तर तोही झाकून वर ठेवायचा, कारण त्यात बेदाणे असतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बंड्याने पायरीवरच्या पेटीतला अख्खा घड खाल्ला. फळच तर आहे, असं म्हणून आम्ही झोपलो. रात्री दोन उलट्या झाल्या, सकाळी दुधात कुस्करलेल्या भाकरीकडे त्याने तोंडही वळवलं नाही. दोन दिवस सलाइन लागलं. दवाखान्याच्या फरशीवर मी त्याचा पाय धरून बसले होते, सुईच्या जागेवर केस भादरलेले, आणि डॉक्टर दर वेळी एकच विचारायचे, "लघवी झाली का?" कारण द्राक्षाचा मार मूत्रपिंडावर बसतो. अमुक इतकी चालतात असं प्रमाण नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसरा थोड्याशानेही दगावतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे टार्टरिक आम्ल असावं असं मांडलं. वाइनच्या बाटलीच्या तळाशी कधी कधी काचेसारखे खडे दिसतात, ते याच आम्लाचे क्षार.

त्यामुळे व्हॅनच्या कप्प्यात एक चिठ्ठी कायम असते. तिच्यावर बंड्याचं वजन, १८ किलो, आपल्या डॉक्टरांचा नंबर आणि रविवारी उघडा असणारा दवाखाना. काही खाल्लंच तर किती आणि किती वाजता, हे लगेच लिहायचं आणि लक्षणांची वाट न बघता फोन करायचा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, त्याने मीठच अंगावर येतं. उलटी काढायची की नाही ते डॉक्टरच ठरवतील.

आता गाडी. आमची ओम्नी १९९६ ची, बाबांनी घेतलेली. कायद्याने व्हिंटेज म्हणवून घ्यायला ५० वर्षं लागतात, पण आमच्या गल्लीत तिच्याइतकी जुनी दुसरी नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच पाच वर्षांचं होतं, तेव्हा आरसीवरची तारीख, विमा आणि पीयूसी आदल्या आठवड्यातच बघून घ्यायचे. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. शनिवारी संध्याकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, सीट उचलून ऑइल आणि कूलंट बघायचं. चाकांतली हवा, स्टेपनीतलीसुद्धा.

थंडीत आणखी एक काम आहे आणि ते विसरायचं नाही. आमची मांजर पिंगी रात्री उबेसाठी गाडीखालून वर चढून इंजिनपाशी बसते. म्हणून चावी फिरवण्याआधी सीटवर तीनदा थापटायचं, खाली वाकून बघायचं, आणि पिंगी घरात डोळ्यांनी दिसल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. ती सोबत येत नाही. तिला घर प्यारं. दोन वाट्या पाणी, खाणं, मातीचा ट्रे आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली, एवढं केलं की झालं.

बंड्याची जागा मागे. पुढे सीट तापते, शिवाय ओम्नीला बॉनेट नाही, टक्कर झाली तर मधे काहीच नसतं. पट्टा गळ्यात नको, छातीला बांधायचा हार्नेस हवा, नाहीतर ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर येतो. सरकता दरवाजा आता जुना झालाय. शेवटचे चार बोट राहिले की तळहाताने जोरात ढकलायचा, खट्ट आवाज आला तरच लागला. उतरताना आधी दोरी हातात, मग दरवाजा.

शुक्रवारीच वायनरीला फोन करून दोन गोष्टी विचारायच्या: कुत्रा चालेल का, आणि त्या दिवशी ड्राय डे तर नाही ना. कुत्रा चालत नसेल तर ती वायनरी गाळायची. त्याला गाडीत ठेवून "दहा मिनिटांत येतो" हा पर्याय आमच्याकडे नाही. बंद गाडी पहिल्या अर्ध्या तासातच भट्टी होते आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. चालवणारी व्यक्ती चव घेत नाही, हेही घरातून निघतानाच ठरवायचं. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, पण आम्ही शून्यच धरतो.

गोवर्धनवरून गिरणाऱ्याकडे गेलं की दोन्हीकडे बागा लागतात. दोरी आखूड धरायची आणि रस्त्याच्याच कडेने चालायचं. तोडणीच्या दिवसांत वेलीखाली मण्यांचा सडा असतो. वाइनसाठी पिळलेल्या द्राक्षांचा चोथा खत म्हणून टाकलेला असतो, त्याचा आंबूस वास बंड्याला लांबून येतो. पानांवर निळसर डाग दिसले तर ते मोरचुदाचे, म्हणजे बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचे. भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांसाठी फवारे सुरूच असतात, म्हणून बागेतल्या माणसाला "दादा, फवारणी कधी झाली?" असं विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. विंचूरकडे गेलात तर लासलगाव जवळच, तिथे कांद्याच्या चाळींपासूनही लांब राहायचं. कांदाही कुत्र्याला वाईट, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मिसळ खाताना त्याला तर्रीतला पाव नाही. त्याचा डबा वेगळा असतो: भात, उकडलेलं चिकन, मीठ नाही. पाणी घरचं, पाच लिटरचा कॅन.

घेतलेली बाटली पुढे ठेवायची नाही. इंजिनच्या उबेने वाइन बिघडते. मागे थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीसोबत, आडवी.

परतल्यावर बंड्याला लगेच घरात घेत नाही. अंगणातल्या दिव्याखाली बसवून आधी पंजे ओल्या फडक्याने पुसायचे, फवारणीचं काही लागलं असेल म्हणून. मग कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी गोचीड शोधायचे. दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. तोवर पिंगी खिडकीत येऊन बसलेली असते.