असांते चिन्हांची लाकडी शिल्पं भिंतीवर लावताय? या चुका टाळा

घानाहून आणलेली किंवा ऑनलाइन मागवलेली लाकडी कोरीव चिन्हं ‘आफ्रिकन डिझाइन’ म्हणून घेतली जातात आणि सोफ्याच्या रंगाशी जुळली की भिंतीवर चढतात. घानातल्या असांते लोकांच्या या आडिंक्रा चिन्हांत एकेक म्हण किंवा विचार कोरलेला असतो. तो कळल्याशिवाय खिळा ठोकू नका.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो शिडीमुळे. प्रगतीचं चिन्ह समजून ती बढतीला किंवा वास्तुशांतीला भेट दिली जाते. पण ही ‘ओवुओ अत्वेदे’, मृत्यूची शिडी: ती प्रत्येकाला चढावीच लागते. विचार थोर आहे, पण नव्या घरात पाऊल ठेवणाऱ्याला तो द्यायचा का? त्यापेक्षा ‘एबान’ द्या. ते कुंपणाचं चिन्ह, घरातलं प्रेम आणि सुरक्षितता सांगणारं. किंवा ‘न्यामे दुआ’, देवाचं झाड. तीन फांट्यांचा खांब आणि त्यावर पाण्याचं भांडं अशी ती असांते घरापुढची पूजेची जागा, आपल्या अंगणातल्या तुळशी वृंदावनासारखी.

‘सांकोफा’ घेताना पक्ष्याचे पाय बघा. पाय पुढे आणि मान पूर्ण मागे वळलेली हवी. बहुतेकदा चोचीत किंवा पाठीवर अंडंही असतं. विसरलेलं परत जाऊन आणण्यात गैर काही नाही, हा त्याचा अर्थ. मानच वळलेली नसेल तर अर्थही गेला. याच चिन्हाचं दुसरं रूप पत्त्यांतल्या बदामासारखं आहे: वर आत वळलेली दोन वेटोळी, खाली बाहेर वळलेली दोन. साधा बदाम म्हणजे ‘अकोमा’, संयमाचं आणि सद्भावाचं चिन्ह. विक्रेते या दोघांत सर्रास गल्लत करतात.

चार वेटोळ्यांचं ‘द्वेनिमेन’ फूल समजून घेऊ नका. ती मेंढ्यांची शिंगं आहेत. बळ असूनही नम्र राहण्याची खूण.

‘इजिप्तपासून आलेली पाच हजार वर्षांची कला’ असं कुणी सांगितलं तर जास्तीचे पैसे मोजू नका. ही चिन्हं छापलेलं, आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं आडिंक्रा कापड १८१७ साली ब्रिटिश प्रवासी बाउडिच यांनी असांतेंच्या राजधानीत, कुमासीत मिळवलेलं आहे. ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कुमासीजवळच्या न्तोन्सो गावात आजही भोपळ्याच्या कवचाचे ठसे कोरून कापड छापतात. भिंतीवरची चिन्हं मात्र परंपरेला धरूनच आहेत: कुमासीजवळच्या ज्या जुन्या मातीच्या वास्तू १९८० साली जागतिक वारसा ठरल्या, त्यांच्या भिंतींवर अशी उठावाची नक्षी आहे.

आता लाकडाच्या तक्रारी. खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड लागली आहे. वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, मग छिद्रं मेणाने बुजवा. पुसताना फडक्याला काळं लागतंय? अनेकदा वरचा थर बुटाच्या पॉलिशचा असतो. ओलं फडकं बंद करा, कोरडा मऊ ब्रश वापरा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात ओल धरणाऱ्या भिंतीला लाकूड चिकटवू नका, मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळू द्या. बारीक चीर दिसली तर लगेच भरू नका. हवा बदलली की ती मिटते किंवा रुंदावते, म्हणून एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या.